कारखान्यानंतरची पद्मिनी

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून शेवटची नोंदणी झाली. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात कायद्याने चालू शकेल अशी एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्याच्या दीड महिना आधी बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकरही निघून गेल्या होत्या, म्हणून हळहळ दुप्पट झाली. वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख छापले, लोकांनी जुने फोटो शोधून काढले. या सगळ्यात एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. पद्मिनी बनवणारा कुर्ल्याचा कारखाना २००० च्या आसपासच ती बनवायचा थांबला होता. म्हणजे शेवटची वीसेक वर्षं ही मोटार पाठीशी कंपनी नसताना, दिवसपाळी-रातपाळी करत, मुंबईच्या रस्त्यांवर धावत होती. ती कोणाच्या जोरावर धावली आणि आता तिच्या उरल्यासुरल्या मालकांना कोणाचा आधार आहे, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

सुरुवात वालचंद हिराचंदांपासून करावी लागते. सोलापूरचा हा माणूस रेल्वेच्या कंत्राटांतून वर आला. पुढे त्याने सिंदिया जहाज कंपनी उभी केली, विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढला आणि १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा. मोटारीचा कारखाना हे त्याचं तिसरं वेड. अभियंता विश्वेश्वरय्यांनी तीसच्या दशकातच अशा कारखान्याची योजना मांडली होती आणि वालचंद त्यांच्या बरोबर होते, पण ब्रिटिश सरकारने या खटाटोपाला दाद दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. अमेरिकेच्या क्रायसलरशी करार झाला आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या फाटकातून पहिली गाडी बाहेर पडली. डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा लांबरुंद अमेरिकन गाड्या तिथे जोडल्या जात. पण नव्या देशाला परवडणारी गाडी ती नव्हे, हे उघड होतं. म्हणून पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला प्रीमियर इटलीच्या फियाटकडे वळली.

याच सुमारास सरकारने एक निर्णय घेतला आणि पुढच्या तीस वर्षांचं भारतीय मोटारजग त्यातून घडलं. १९५३ च्या टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, नुसते परदेशी भाग जोडणाऱ्यांना इथे जागा नको, ज्यांना टप्प्याटप्प्याने सगळी गाडी इथेच बनवायची आहे त्यांनीच राहावं. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. प्रवासी मोटारींच्या बाजारात मुख्यतः तीनच नावं उरली: कोलकात्याची हिंदुस्थान, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची प्रीमियर.

फियाट ११०० ची नवी मालिका इटलीत १९५३ मध्ये आली आणि वर्षभरात कुर्ल्यालाही पोचली. तिची पुढची दारं उलटी, म्हणजे मागच्या बाजूने बिजागरी असलेली होती. गोलमटोल नाकामुळे लोकांनी तिला डुक्कर फियाट म्हटलं, आणि हे नाव इतक्या मायेने घेतलं जाई की मालकांनाही त्याचं काही वाटत नसे. मग एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशा आवृत्त्या आल्या. १९६४ मध्ये डिलाइट आली: सरळ कडांची, दारं पुढच्या बाजूने टांगलेली. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे ती हीच. फियाटशी असलेला परवान्याचा करार संपल्यावर ती आधी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावाने प्रीमियर पद्मिनी. लोक मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. इटलीत या ११०० डीचं उत्पादन १९६६ मध्ये थांबलं होतं. कुर्ल्यात ते त्यानंतर तीसहून अधिक वर्षं चाललं.

१०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चाळीसेक अश्वशक्ती, चाल मागच्या चाकांना, मागे कमानपाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, त्यामुळे पुढची सीट अखंड बाकासारखी, आणि तिच्यावर चालकाशेजारी दोघं आरामात, वेळ पडली तर मांडीवरच्या पोरासकट तिसराही. मुंबईच्या टॅक्सीवाल्याने ॲम्बेसेडरऐवजी हिला पसंत केलं यामागे सरळ हिशेब होता. फियाट आकाराने आटोपशीर, गल्लीत वळायला सोपी, पेट्रोलला कमी, आणि कारखाना कुर्ल्यातच असल्याने भाग हाताशी. नव्वदच्या दशकाच्या मध्याला शहरात साठ हजारांच्या आसपास टॅक्सी होत्या आणि त्यांतल्या बहुतेक फियाटच होत्या.

मोटार मिळवणं हा त्या काळी घरातला मोठा प्रकल्प असे. सत्तरच्या दशकात सगळ्या देशात वर्षाला तीस-चाळीस हजार मोटारी बनत. १९५९ च्या सरकारी आदेशाने मोटारींचं वाटप आणि विक्री नियंत्रणाखाली आली होती, किंमतही सरकार ठरवी. ही किंमत परवडत नाही म्हणून प्रीमियर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १९७१ च्या निकालात न्यायालयाने मोटारीचा वाजवी भाव कसा काढावा याची चर्चा केली. मागणी उदंड आणि पुरवठा मोजका, त्यामुळे लोक नोंदणी करून वर्षानुवर्षं थांबत. नंबर लागला की तो ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, घेऊन दुसऱ्याला विकणारेही होते. आलेली गाडी मग घरातल्या माणसासारखी सांभाळली जाई: पावसाळ्याआधी खालून रंग, गणपतीला गावी जाण्याआधी सर्व्हिसिंग, दसऱ्याला हार.

या परवाना-राजला आपण नेहमी दूषणं देतो, आणि ती रास्तच आहेत. ग्राहकाला पर्याय नव्हता, कंपनीला सुधारणेची निकड नव्हती. डिस्क ब्रेक, पाचवा गिअर, नीट बसणारी दारं अशा साध्या गोष्टींसाठी भारतीय माणसाला उगाच ताटकळावं लागलं. पण या साचलेपणातून एक गोष्ट नकळत घडली, आणि पद्मिनीच्या उत्तरायुष्याचं गूढ तिथेच आहे असं मला वाटतं. गाडी तीस-पस्तीस वर्षं जवळजवळ बदललीच नाही. १९६८ च्या डिलाइटचे कितीतरी भाग १९९५ च्या पद्मिनीला चालत. एकच वॉटर पंप, एकच क्लच प्लेट, ब्रेकची तीच वायसरं लाखभर गाड्यांना लागत असतील, तर ती बनवायला मोठी कंपनी लागत नाही. लेथ मशिन असलेला लहान कारखानदारही ती वर्षानुवर्षं बनवून पोट भरू शकतो. असे कारखानदार निघाले. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत त्यांचा माल खोक्यांतून येई, आणि वापरलेल्या भागांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडचा बाजार होताच. ‘ओरिजिनल’, ‘लोकल’ आणि ‘जुना ओरिजिनल’ असे तीन भाव गिऱ्हाइकाला सांगितले जात. जाणकार माणूस तिसरा निवडी.

गाडी दुरुस्त करण्याची पद्धतही अशीच गॅरेजात मुरलेली होती. खांबावरच्या गिअरचंच पाहा. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत लोखंडी सळ्या आणि सांधे जातात. या सांध्यांत बुश असतात. बुश झिजले की सळ्यांना ढिलाई येते आणि एखाद्या दिवशी नेमक्या चौकात, सिग्नल हिरवा होताना, गिअर अडकतो. चालक खाली उतरतो, बॉनेट उघडतो, स्टिअरिंगच्या खांबाखाली हात घालून अडकलेली सळी बोटांनी पुढेमागे करतो, ‘टक्’ आवाज आला की बॉनेट आपटून परत बसतो. मागच्या बसने चार हॉर्न मारेपर्यंत टॅक्सी निघालेली असते. कायमचा उपाय म्हणजे नवे बुश आणि ग्रीस. भाग क्षुल्लक आणि काम अर्ध्या दिवसाचं, म्हणून टॅक्सीवाला ते आजचं उद्यावर ढकली.

दुसरं उदाहरण डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचं. स्पार्क प्लगला वीज कधी जायची हे दोन लहान संपर्कबिंदू ठरवतात. ते एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतरावर उघडावे लागतात. पुस्तकात यासाठी फीलर गेज सांगितली आहे. गॅरेजातला मिस्त्री खिशातून जुनं व्हिजिटिंग कार्ड काढतो, ते दोन बिंदूंमध्ये सरकवतो आणि बोटाला जाणवणाऱ्या घर्षणावरून स्क्रू आवळतो. मग गाडी चालू करून डिस्ट्रिब्युटर हाताने केसभर फिरवतो आणि नुसतं ऐकतो. आवाज स्वच्छ लागला की नट पक्का. उन्हाळ्यात घाटात पेट्रोलची वाफ धरून गाडी बंद पडली तर पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, बॅटरी बसली तर पुढून हँडल मारायचं, हे तर घरातल्या पोरांनाही ठाऊक असे. मोटारीचं यंत्र उघड्या डोळ्यांना दिसत होतं आणि उघड्या हातांनी दुरुस्त होत होतं. आजच्या गाडीत बिघाड आधी संगणकाला विचारावा लागतो. ती अधिक सुरक्षित आहे, धूरही कमी सोडते, यात शंका नाही. पण निर्मात्याने पाठ फिरवल्यावर तिचं काय होणार, हा प्रश्न तिच्या मालकाला पद्मिनीच्या मालकापेक्षा लवकर आणि अधिक कठोरपणे पडणार आहे.

पद्मिनीची उतरण सुरू झाली ती १४ डिसेंबर १९८३ ला. त्या दिवशी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. हलकी, चटकन पळणारी, सकाळी पहिल्या झटक्यात चालू होणारी आणि किंमत पन्नास हजारांच्या आसपास. दहा-बारा वर्षांत मध्यमवर्गाने फियाटच्या फाटकातून मारुतीच्या फाटकात पाऊल टाकलं. प्रीमियर स्वस्थ बसली नाही. १९८५ मध्ये फियाट १२४ च्या साच्यात निसानचं इंजिन बसवून तिने ११८ एनई आणली. पद्मिनीलाही पुढे इटालियन बनावटीचं डिझेल इंजिन मिळालं आणि अगदी शेवटी खाली फरशीवर गिअरचा दांडा आणि बकेट सीट. हे सगळं उशिरा आलं. खाजगी गिऱ्हाईक पांगत गेलं आणि टॅक्सीवाला तेवढा उरला.

मग भागीदाऱ्यांचे प्रयोग झाले. १९९४ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोबरोबर कंपनी काढून कल्याणच्या कारखान्यात ३०९ बनवायला सुरुवात झाली. तीनेक वर्षांत कामगार-तंटे आणि पैशांची ओढाताण यांत ते स्वप्न विरलं आणि प्यूजो परत गेली. याच सुमारास फियाटबरोबर नवी जोडी जमली. तिच्या उनो गाडीसाठी लोकांनी रांगा लावून पैसे भरले, पण गाड्या वेळेवर देता आल्या नाहीत. प्रीमियरमधला कामगारांचा लढा जुना होता. औद्योगिक वादात दिवाणी न्यायालयाला किती अधिकार, यावर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला याच कंपनीच्या खटल्याचा निकाल कामगार कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. दोष एकट्या कामगारांवर किंवा कंपनी चालवणाऱ्या एकट्या दोशी घराण्यावर टाकणं मला पटत नाही. तीस वर्षं कुंपणाच्या आत राहिलेल्या उद्योगाला कुंपण काढल्यावर धावायला सांगितलं गेलं, आणि धावण्याची सवय ना व्यवस्थापनाला होती, ना यंत्रांना. कुर्ल्याचा कारखाना फियाटकडे गेला. तिथे पुढे पालिओ बनली, तिची जाहिरात सचिन तेंडुलकरने केली. नंतर फियाटने बाडबिस्तारा पुण्याजवळच्या रांजणगावला हलवला.

कारखाना असा हातून गेला, पण टॅक्सी धावतच होती. पद्मिनीचं हे दुसरं आयुष्य. साठ हजार टॅक्सींची भूक इतकी मोठी होती की सुटे भाग बनवणाऱ्यांना कंपनीच्या ऑर्डरची गरजच नव्हती. टॅक्सी वर्षाला जितके ब्रेक लायनर, क्लच प्लेट, किंगपिन खाते, तितके खाजगी गाडी दहा वर्षांतही खात नाही. दादरला किंवा पुण्याला कोणी निवृत्त शिक्षक आपली जुनी फियाट जपत असेल, तर त्याला ब्रेकचं किट स्वस्तात मिळे ते टॅक्सीवाल्याच्या कृपेने. दोघांची ओळख नव्हती, पण एकाच्या झिजेवर दुसऱ्याची हौस चालत होती.

नव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या हवेबद्दल उच्च न्यायालयात खटला चालला आणि टॅक्सी हळूहळू सीएनजीवर गेल्या. डिकीत सिलिंडर आलं, म्हणून सामान टपावरच्या कॅरिअरवर. गॅस पेट्रोलपेक्षा कोरडा आणि ज्वलन अधिक तापट, त्यामुळे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठका लवकर झिजत. गॅरेजवाल्यांनी कठीण धातूच्या बैठका बसवायला सुरुवात केली. १९६० च्या दशकातल्या इंजिनाला एकविसाव्या शतकातलं इंधन पचवायला शिकवलं ते कोण्या संशोधन केंद्राने नव्हे, तर हेड उघडून बसलेल्या मिस्त्र्यांनी. या कामाची नोंद कुठल्याही तांत्रिक नियतकालिकात होणार नाही, म्हणून इथे करतो.

२००८ मध्ये राज्य सरकारने पंचवीस वर्षांवरच्या टॅक्सी काढायचं ठरवलं, २०१३ मध्ये मर्यादा वीस वर्षांवर आली. गाड्या भंगारात जाऊ लागल्या. प्रत्येक मोडीत निघालेली टॅक्सी उरलेल्यांसाठी सुट्या भागांचं भांडार ठरली: डिफरन्शियल, दारं, काचा, मीटरची केबल, काहीही. काही वर्षं तरी भाग इतके मुबलक होते की नवीन बनवायची निकड भासली नाही. नेमका तिथेच बाजार आटायला सुरुवात झाली. जुना माल स्वस्त मिळतो म्हटल्यावर नवा माल बनवणारे दुसऱ्या गाड्यांकडे वळले, आणि जुना माल संपला तेव्हा दोन्ही हात रिकामे.

आज खाजगी पद्मिनी सांभाळणाऱ्याला काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. इंजिनाच्या आतले भाग, रिंग, बेअरिंग, गॅस्केट, क्लच, ब्रेक यांचं अजून निभतं. काही भाग दुसऱ्या गाड्यांचे घासून-कातून बसवता येतात. अडतं ते अंगावरच्या वस्तूंपाशी: पुढची काच, त्रिकोणी खिडकीची चौकट, दारांची रबरी बीडिंग, मागच्या दिव्यांची लाल काच, क्रोमच्या पट्ट्या. टॅक्सीवाल्याला यांची पर्वा नव्हती, त्यामुळे हे भाग बनवणारे उद्योग कधी फोफावलेच नाहीत. पत्रा सडला तर तो हाताने ठोकून घडवणारे, पुटी कमी भरून धातूचाच आकार जुळवणारे कारागीर मोजके उरले आहेत. त्यांच्याकडे गाडी महिनोन्‌महिने पडून राहते आणि मालक तक्रार करत नाही, कारण दुसरीकडे जायला जागा नाही.

कायद्याचं दुखणं वेगळं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावं लागतं, वर राज्याचा पर्यावरण कर. एप्रिल २०२२ मध्ये जुन्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले, ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी दिली. ही चांगली गोष्ट झाली. पण त्यासाठी गाडीचं वय पन्नास वर्षांवर हवं आणि ती मूळ रूपात हवी. डुक्कर फियाट आणि डिलाइट या नियमात बसतात. १९९८ ची पद्मिनी २०४८ पर्यंत बसणार नाही. तोवर ती कायद्याच्या लेखी नुसती जुनी, धूर सोडणारी मोटार. वारसा म्हणून जपायच्या गाड्यांसाठी या मधल्या काळात एखादा वर्ग हवा: वर्षाकाठी ठरावीक किलोमीटर, रोजच्या वापराला बंदी, शुल्क बेताचं. दिल्लीच्या पट्ट्यात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीवर बंदी आली तेव्हा तिथल्या कित्येक जुन्या गाड्या परराज्यांत विकल्या गेल्या. महाराष्ट्राने असं होऊ देऊ नये.

आणि आता पेट्रोलच बदललं आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि जुन्या जातीच्या रबराला फुगवून भेगा पाडतं. पद्मिनीच्या पेट्रोल पंपातला पडदा, कार्ब्युरेटरमधली गॅस्केट, टाकीपासूनच्या नळ्या हे सगळं त्याच्या तावडीत सापडतं. मिश्रणही पातळ होतं, म्हणून कार्ब्युरेटरचा जेट थोडा मोठा करावा लागतो. ज्यांची गाडी आठवड्यातून एकदाच निघते त्यांनी टाकी भरून ठेवू नये, नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात आणि पंपाचा पडदा दरवर्षी उघडून पाहावा. एवढी काळजी घेतली तर गाडी नीट चालते.

मालकांच्या गाठीभेटी पुण्यात, मुंबईत, गोव्यात होतात. रविवारी सकाळी गाड्या एका ओळीत लावून चहा पिणं हा त्यातला दिसणारा भाग. खरं काम बॉनेट उघडल्यावर सुरू होतं. कोणाकडे कोणता भाग आहे, कोणता मिस्त्री अजून काम घेतो, कोणत्या जुन्या दुकानदाराच्या माळ्यावर न उघडलेलं खोकं आहे, याची देवाणघेवाण तिथे होते. पण देवाणघेवाणीतून नवा भाग तयार होत नाही. दाराच्या बीडिंगचं घ्या. रबराची लांब पट्टी साच्यातून दाबून काढतात. साचा एकदा कातून घेतला की पट्टी मीटरवर निघते, मात्र कारखानदार किमान काहीशे मीटरची ऑर्डर मागतो. एका मालकाला लागते ती जेमतेम पंधरा-वीस मीटर. पाचपंचवीस मालकांनी आगाऊ पैसे भरले तर साच्याचा खर्च वाटून जातो. ब्रेक ड्रमचंही तेच. कोल्हापूरच्या फाउंड्रींना असा ड्रम ओतणं मुळीच अवघड नाही, त्यांना लागतो तो मापांचा आराखडा आणि पुरेशी संख्या. मापं आज झिजलेल्या भागांवरून घ्यावी लागतात, आणि झिजलेल्या भागावरून घेतलेलं माप चुकतं. म्हणून न वापरलेला एखादा भाग कोणाच्या माळ्यावर सापडला, तर तो गाडीला लावण्याआधी मोजून, त्याचं रेखाचित्र काढून ठेवायला हवं. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचे फोटो कोणी काढत नाही. ऑपेरा हाउसच्या दुकानांतले जुने मालक गल्ला पुढच्या पिढीकडे सोपवताहेत, आणि पुढच्या पिढीला फियाटचं खोकं म्हणजे अडलेली जागा वाटते. ही खोकी भंगारात जाण्याआधी उघडली गेली पाहिजेत.